बोटाले टांगलेलं माप

राऊत मॅडमनं मोबाईल माह्या तोंडापुढं धरला अन् म्हने, बोला. म्हनलं, काय बोलू? तं म्हने, जे जे केलं ते सगळं बोला, हाताचं ऑपरेशन झालेले लोकं माहं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतीन. मी जरासा फुगलो. इचारलं, काहून मॅडम, माह्यात असं काय आहे? त्या म्हने, चांगलं सांगनाऱ्याले कोनी भेत नाही, येडं पाह्यलं का भेतात.

तं पाहा मंग येडं.

मी अजीज मन्सुरी. दारव्ह्याले बाजाराच्या तोंडावर माहं गादी-रजईचं दुकान आहे, दुकानाले लागूनच घर. शाळा मी एकदाच आतून पाह्यली, होस्टेलच्या गाद्या भराले गेलतो तवा. आमी पिंजारी. माहे अब्बा पिंजन खांद्यावर टाकून गावोगाव फिरत. पिंजन म्हनजे कापूस पिंजाची मोठी कमान. तिले बकऱ्याच्या आतड्याची दोरी तानून बांधेल राह्यते, तिले तात म्हनतात. तातीवर ठोका मारला का दबलेला कापूस मोकळा होते. आता ते काम मशीन करते, अन् अब्बाचं पिंजन दुकानात भिंतीवर टांगलं आहे. माह्याकडं राह्यलं टाके घालाचं काम. वीतभर लांब सुई राह्यते, दाभन. ते अंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट, या दोघाइत धराले लागते. या दोन बोटाइवर माहं घर चाललं. तोंडावर चाललं असतं तं मी बंगला बांधला असता.

*

एक गिऱ्हाईक जुनी गादी घेऊन आलतं. मी दाढीच्या पत्तीनं शिवन उसवून राह्यलो होतो अन् त्याले किस्सा सांगून राह्यलो होतो. किस्सा माह्या साळ्याचा, सलीमचा. सलीम म्हनजे माही बायको शबाना, तिचा लहान भाऊ. बोरी अरबहून रोज जीपनं दुकानात येते, मशीन चालवते. तो एकदा कापसाच्या गंजीवर झोपला अन् गिऱ्हाइकानं त्याले गाठोडं समजून वजनकाट्यावर टाकलं, असा तो किस्सा. निरा खोटा. सलीम मांगं मशीनीवरच होता, ऐकून राह्यला होता.

गिऱ्हाईक हासलं. पन माहं दुखनं असं आहे का माह्या किश्शाले गिऱ्हाइकापेक्षा मीच जास्त हासतो, अन् डोळे मिटून हासतो. डोळे उघडले तं पत्ती माह्या बोटात. अंगठ्याच्या बाजूचं बोट, तळहाताकडून, मधल्या पेरापाशी.

रक्त काही लय नोहतं. आमच्यात कापूस जाळून त्याची राख जखमेत भरतात, कापसाले काय तोटा आमच्याइथं. भरली राख, बांधली चिंधी. किस्सा अर्धा राह्यला होता, तो पुरा केला.

जखम भरली. बोट मात्र वाकेना. बाकीचे बोटं मुठीत जात अन् हे एकटं सरळ उभं राहे.

आता तुमी म्हनसान, मंग दवाखान्यात काहून नाही गेला? कारन मले मजा वाटून राह्यली होती. चहाच्या टपरीवर हात वर केला का टपरीवाला एकच कप आने, दोन मानसं असले तरी. रस्त्यावर चाललो का ऑटोवाले थांबत. नमाजात बोट एकाच वेळेस वर कराचं राह्यते, माहं मस्जिदीच्या दारापासून घरापर्यंत वरच. नमाज पढवनारे पेशइमाम वळून वळून पाहत. मंग एक दिवस बाजारात सोयाबीनच्या गाडीपाशी एक धिप्पाड मानूस माह्या आंगावर आला. म्हने काय बे, कोनाले बोट दाखवते? मी त्याले समजवाले गेलो, अन् समजवताना बोट त्याच्या छातीले लागलं. त्यानं मले गाडीच्या चाकापर्यंत ढकललं. तवा माही मजा संपली.

तरी दवाखाना नाहीच. घाटंजीच्या बाजारात एक जन नस बसवते, त्याच्याकडं गेलो. त्यानं तेल लावलं, कोपरापासून चोळलं, बोट धरून असं ओढलं का मले वारलेले अब्बा दिसले. मंग म्हने, तुमची नस पळाली, वर कोपराकडं गेली. दोन-चार वेळा या, खाली आनतो.

तिसऱ्या वेळेस मी जाले निंगालो तं दुकानाच्या पायरीवर सलीम उभा. त्यानं माही बखोटी धरली अन् यवतमाळच्या जीपमध्ये कोंबलं. जीपमध्ये समोर एक म्हातारी होती, तिच्याकडं माहं बोट. ती सारा रस्ता पदर सावरत राह्यली.

*

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हाताचा डॉक्टर बसते हे मले तिथं गेल्यावर समजलं. मले वाटे डॉक्टर सगळ्या आंगाचा एकच राह्यते. त्यानं माह्या बोटाचं मधलं पेर धरून ठेवलं अन् म्हनलं, फक्त शेंडा वाकवा. मी सारं आंग वाकवलं. दात चावले. शेंडा हालला नाही. मंग त्यानं दुसऱ्या जागी धरलं. तरी नाही.

म्हने, "दोन्ही टेंडन कापले गेलेत. इतके दिवस काय करत होतात?"

मी म्हनलं, "साहेब, चहा पीत होतो. एकच कप."

कोनीच हासलं नाही. सलीम खाली पाहत होता. डॉक्टरनं मंग माहा डावा हात धरून समजवलं. ही रक्ताची नस नोहे. कोपराखाली जे मांस आहे ते ओढनारं, अन् ही त्याची दोरी, पार बोटाच्या शेंड्यापर्यंत गेलेली. तुटली का वरचं टोक मांसाकडं सरकून जाते, अन् जितका उशीर तितकी दूर जाते. म्हनजे घाटंजीवाल्याले बरोबर माहीत होतं. त्यानं तिले बोलवाले तेल लावलं अन् हे चाकू लावनार होते, एवढाच फरक.

मी इचारलं, बोट पहिल्यासारखं होईन ना?

त्यानं हो म्हनलं नाही. म्हने, करून पाहू. उशीर झालाय.

मले तवा दाभन दिसलं. माह्या हातात दाभन नसन तं मी कोन? दुकानात बसून किस्से सांगनारा. गादी दुसराच शिवते अन् हे समोर बसून बडबड करते. असे मानसं मी बाजारात लय पाह्यले, त्याइले चहा पाजून कटवाले लागते. मी त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा चूप झालो. सलीमले वाटलं मले चक्कर आली, तो पानी घेऊन आला.

*

ऑपरेशन झालं. हात सलाइनच्या दांड्याले उंच टांगला, सूज येऊ नये म्हनून. वॉर्डात जो येई तो पहिले माह्याकडं पाहे, कोन घोषना देऊन राह्यलं म्हनून. सकाळी झाडू, मंग नर्स, मंग चहा, मंग डॉक्टर लोकं घोळक्यानं. ते माह्या पलंगापाशी थांबत, माह्या बोटाशी बोलत अन् पुढं जात. माह्या तोंडाशी कोनी बोललं नाही. माह्यासारख्या मानसाले याच्यापेक्षा मोठी सजा नाही.

अन् माह्या सेवेले कोन? सलीम. शबाना घरी पोरीपाशी, तिची परीक्षा होती. हे साळं माह्या पलंगाखाली सतरंजी टाकून झोपे. मले घास भरवे. घास असा भरवे जसा उशीत कापूस कोंबून राह्यला. मी म्हनो, अबे हळू, तं म्हने, तोंड मोठं आहे तुमचं, मावते.

एका हातानं पायजम्याचा नाडा बांधता येत नाही. ज्याले आमी किश्शात वजनकाट्यावर टाकलं त्याच्या पुढं पायजमा धरून उभं राहाले लागलं. त्यानं नाड्याले गादीची गाठ मारली. गादीची गाठ जलमात सुटत नाही, आमी ती कापतो. मले जवा घाई झाली तवा हे वॉर्डात नोहतं, भायेर चहा पीत होतं. पुढचं मॅडमनं सांगू नको म्हनलं.

*

सुट्टी झाली तवा मले राऊत मॅडमच्या हवाली केलं. हाताचा व्यायाम घेनारी बाई. मी मनातल्या मनात तिले ठानेदारीन म्हनो. तिनं हात वाकडा करून प्लास्टिकच्या पट्टीत बसवला अन् दम दिला. डाव्या हातानं हे बोट हळूहळू वाकवाचं अन् सोडाचं. त्याचं ते थोडसं हालू द्याचं. बस. काही धराचं नाही, उचलाचं नाही, ताकद लावाची नाही. अजिबात नाही हालवलं तं नस आजूबाजूले चिकटन, जास्त ओढलं तं तुटन. शिवलेली नस ओल्या कनकेसारखी आहे, महिना-दीड महिना सबुरी ठेवा.

मी म्हनलं, समजलं. अन् मले खरंच वाटलं का मले समजलं.

घरी आलो तं दुकानाचं रूपच बदललं. सलीमनं फोमच्या गाद्या आनून ठेवल्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळेल, गुळगुळीत, त्याइले टाका नाही, कापूस नाही. अन् त्या उभ्या ठेवाले जागा पाह्यजे म्हनून अब्बाचं पिंजन भिंतीवरून काढून मांगं कोपऱ्यात उभं केलं. मी इचारलं, हे काय आहे? तं तो म्हने, दुलाभाई, लोकं हेच मागून राह्यले. तुमच्या हाताचं होऊ द्या, मंग पाहू. "मंग पाहू" हे त्यानं असं म्हनलं जसं पोट्ट्याले जत्रेत म्हनतात.

माहा तळपायाचा जाळ डोक्यात गेला. मनात म्हनलं, याले हाकलाचं असन तं दाभन लवकर हातात पाह्यजे. सबुरी गेली खड्ड्यात.

आता तातीचं सांगतो, नाहीतर तुमाले माह्या अकलेची उंची समजाची नाही. नवी तात पिंजनावर चढवली का पहिल्या ठोक्याले ढिली पडते. म्हनून अब्बा काय करत, तिले आधी खुंटीले बांधून खाली दगड टांगत. तात वजनानं तनते, तनता तनता पक्की होते, मंग पिंजनावर चढवाची. लहानपनी तो दगड मीच बांधत होतो. मंग माह्या डोस्क्यात आलं, मॅडम म्हनते थोडं ओढाचं, अब्बा म्हनत वजनानं पक्की होते. दोघंही एकच सांगून राह्यले. नस काय अन् तात काय, दोन्ही आंगातल्याच दोऱ्या.

बाजूच्या किरानावाल्याकडून अर्ध्या किलोचं लोखंडी माप आनलं. दुपारी शबाना शेजारी गेलती. पट्टी काढली. हात टेबलावर उताना ठेवला, बोटाच्या शेंड्याले तातीच्याच तुकड्याचा फास केला, अन् माप काठावरून खाली सोडलं. बोटानं ते वर उचलाचं, असा माहा व्यायाम.

पहिल्यांदा उचललं. जरासं. मी मोठा खूश.

दुसऱ्यांदा आवाज आला. तट्. माप फरशीवर.

मांगून सलीम म्हने, "तात तुटली का?" त्याले वाटलं पिंजनाची.

तो आवाज मले इचाराची गरज नोहती. सारा जलम मी तोच आवाज ऐकत आलो. दुखलं बी नाही लय. बोट पहिल्यासारखं सरळ झालं अन् समोर दाराकडं दाखवून राह्यलं. सलीम आला, त्यानं माप पाह्यलं, फास पाह्यला, बोट पाह्यलं. मंग त्यानं माप उचललं, फुंकर मारून पुसलं अन् किरानावाल्याले वापस द्याले गेला. तो मले शिव्या देता तं मी त्याले माफ केलं असतं.

शबानानं ती कसर काढली. म्हने, पहिलेच फक्त तोंड चाले, बोटाचं नावच होतं. आता नाव बी गेलं. अन् चार दिवस तिनं मले पोळीचे तुकडे करून दिले नाही. एका हातानं पोळी तोडून पाहा, मंग माहं ऐका.

*

राऊत मॅडम चिल्लावतीन असं मले वाटलं होतं. मी त्याच्यासाठी जीपमध्ये दोन किस्से तयार करून नेलते. माप, तात, अब्बाचा दगड, असं सगळं रंगवून सांगतलं. त्याइनं ऐकून घेतलं. पट्टी टेबलाच्या खान्यात टाकली अन् खाना लावला.

"मी तुमच्यावर रागावलेले नाही, मन्सुरी," त्या म्हने. "मला तुमचा कंटाळा आला आहे."

तोपर्यंत त्या मले अजीजभाऊ म्हनत.

हे कोन्या ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं. सारी दुनिया माह्यावर हासली तरी मले चालते, तोच माहा धंदा आहे. कंटाळा आला असं मले कोनी म्हनलं नोहतं. भायेर येऊन बाकावर बसलो तं तिथं जो येई त्याच्याकडं माहं बोट. मी ते डाव्या हाताखाली दाबून बसलो.

*

डॉक्टरसंगं एक तरना डॉक्टर होता, तो नशीवरच काहीतरी मोठं शिकून राह्यला होता. त्याले माहं माप टांगल्याचं कोनीतरी सांगतलं. तो मुद्दाम माह्यापाशी आला अन् सारं इचारून घेतलं, वजन किती, फास कसा, तात कशाची. पहिल्यांदा कोनी माह्या तोंडाशी बोललं.

मंग तो सांगाले लागला का मोठ्या मोठ्या ठिकानी लोकं नस उगवून राह्यले. जिवंत पेशी घेतात, दोन खुंट्याइच्या मधात त्याइचा धागा धरतात, अन् मशीन त्या धाग्याले हळूहळू ओढते अन् सोडते, ओढते अन् सोडते. नाही ओढलं तं त्याची नसच होत नाही, नुसता गिळगिळा गोळा राह्यते. जास्त ओढलं का तुटते. अंड्यातलं पिल्लू बी आत पाय हालवते म्हनून त्याच्या नशी पक्क्या होतात. हालू दिलं नाही तं कच्च्याच राहतात.

मी म्हनलं, मंग ती उगवेल नस मले लावा ना डॉक्टरसाहेब, मी कोनाले सांगत नाही.

तो म्हने, ती अजून मानसाच्या बोटात लावाच्या लायक नाही झाली. दिसाले नशीसारखी दिसते, पन खऱ्या नशीचं बळ तिच्यात येत नाही. मंग हासला अन् म्हने, "तुमची दिशा बरोबर होती. माप चुकलं."

मी हवेत. आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या मानसानं मले बरोबर म्हनलं. राऊत मॅडम तिथंच दुसऱ्या पेशंटचा हात धरून बसल्या होत्या. मान वर न करता म्हने, "यवतमाळला जायचं म्हणून यवतमाळच्या बसखाली झोपलं, तर दिशा बरोबरच असते."

सारा वॉर्ड हासला. माह्यापेक्षा चांगला टोला होता तो, मी रात्रभर जळलो.

*

आता दुसरी नस पाह्यजे होती, माह्याच आंगातली. मनगटात एक फालतू नस राह्यते, ती काढली तरी हाताचं काही अडत नाही. ती आहे का नाही हे पाहाची तऱ्हा अशी का अंगठा अन् करंगळी जुळवाची अन् मनगट थोडं वाकवाचं, मधात दोरीसारखी उभी राह्यते. काही लोकाइच्या हातात ती नसतेच. पाहा करून. सगळेच करतात, वॉर्डातल्या नर्सनं बी केलं.

उजव्या हातात माह्या नोहतीच. अल्लानं फालतू जबान दिली, फालतू नस दिली नाही. डाव्यात मात्र निंगाली, बारीकशी.

सलीमनं आपले दोन्ही हात करून पाह्यले. दोन्हीत दोऱ्या, अशा तटतटीत का कपडे वाळू घाला. त्यानं ते हात डॉक्टरपुढं धरले अन् म्हनलं, याइले बारीक पडन तं माही घ्या.

डॉक्टर म्हने, दुसऱ्याची घेत नाही आमी.

मी तिथं चूप बसाले पाह्यजे होतं. इथं कोनीही मानूस चूप बसला असता. पन चार लोकं ऐकून राह्यले होते, अन् चार लोकं ऐकत असले का माहं तोंड माह्या ताब्यात राहत नाही. मी म्हनलं, "याची नको साहेब. याची नस लावली तं बोट माह्या हातात राहीन अन् दुकान त्याच्या."

लोकं हासले. सलीमनं हात खाली घेतले, बाह्या सरळ केल्या, बटनं लावले. त्यानंतर तो माह्याशी बोलला नाही. येई, दुकान उघडे, मशीन चालवे, दवाखान्यात नेई, वापस आने. जे सांगाचं ते शबानाले सांगे. माह्यासमोर बसून म्हने, आपा, दुलाभाईले सांग उद्या जीप लवकर आहे. मी बी म्हनो, शबाना, त्याले सांग मले ऐकू येते. शबाना मधात पोळ्या लाटत म्हने, तुमी दोघं बी मरा.

*

पहिले बोटात प्लास्टिकची बारीक नळी ठेवली, नव्या नशीची वाट तयार व्हाले. काही महिन्यानं तिच्या जागी डाव्या मनगटातली नस घातली. दोन्ही वेळेस हात दांड्याले, घोषना चालू. दोन्ही वेळेस पलंगाखाली सलीम, चूप.

मंग राऊत मॅडम. ती बाई अन् मी, आमी एकमेकाइचे दुश्मन होऊन समोरासमोर बसलो. ती सांगन तेवढंच कराचं. जास्त नाही, कमी नाही. मी कमी केलं तं तिले बोट धरल्याबरोबर समजे. जास्त केलं तरी समजे. दुखते का इचारे. मी म्हनो नाही. ती म्हने, मग खोटं बोलता. दुसऱ्या दिवशी मी म्हनो हो, लय. ती म्हने, तरी खोटं बोलता. मी घरी येऊन तिले अशा शिव्या देत देत बोट वाकवो का शबाना म्हने, मॅडमचं नाव घेतल्याशिवाय तुमचं बोट हालतच नाही काय?

खरंच हालत नोहतं. रागानंच हालवलं मी ते. रोज सकाळी दुकानात फोमच्या गाद्या पाहाच्या, अन् वाकवाचं. कोपऱ्यातलं पिंजन पाहाचं, अन् वाकवाचं. सलीमची पाठ पाहाची, अन् वाकवाचं. अन् बोटाले वजन टांगाचं डोस्क्यात आलं का किरानावाल्याकडं पाहाचं. त्यानं दुकानातले सारे मापं आतल्या बाजूले ठेवले होते. सलीमनं सांगून ठेवलं होतं त्याले.

ज्याचं नवीन ऑपरेशन झालं असन त्याले मी एवढंच सांगतो. तुमाले वाटन, मले माह्या आंगाचं जास्त समजते. नाही समजत. तुमचा जो धंदा असन, तार बांधाचा असन, दोर वळाचा असन, तो धंदा बोटात नका घालू. त्या मॅडमचा राग आला तं येऊ द्या, मले अजून येते. पन ती सांगन तेवढंच करा.

*

बोट आता वाकते. तळहाताले पुरं टेकत नाही, मधात चिंचोक्याएवढी जागा राह्यते. अन् आता दुसरीच गंमत झाली, ते पुरं सरळच होत नाही. आकड्यासारखं राह्यलं. मॅडम म्हने, असं होते, अजून मेहनत करा, थोडं उघडन. मी म्हनलं राहू द्या मॅडम, दाभन धराले आकडाच पाह्यजे. त्या म्हने, मन्सुरी, मेहनत करा. अजून मन्सुरीच म्हनतात. आज मोबाईल धरताना फक्त अजीजभाऊ म्हनल्या, ते बी कामापुरतं.

परवा एक बाई पोरीच्या लग्नाची रजई घेऊन आली. तिले फोम नको होता, हातचे टाके पाह्यजे होते. सलीम मशीनीवर. मी रजई पसरली, बसलो, दाभन घेतलं. अंगठा अन् बोट. दाभन पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा सुटलं. तिसऱ्यांदा बोटाच्या आकड्यात बसलं अन् कापडातून पार गेलं. मी दोरा ओढला. एक टाका. मंग दुसरा. मंग एक ओळ झाली. माह्या कपाळावरून घाम गळून राह्यला होता, टाके मोजाचं भान नोहतं.

मशीन बंद झालं. सलीम येऊन माह्या डोक्यावर उभा. इतक्या महिन्यात पहिल्यांदा तो सरळ माह्याशी बोलला.

"वाकडी आहे ओळ."

एवढंच. मुबारक नाही, शाबास नाही. माह्या आंगात जे जे साचलं होतं, फोमच्या गाद्या, कोपऱ्यातलं पिंजन, नाड्याची गाठ, ते सारं वर आलं. मी दाभन ठेवलं, हात उचलला अन् दाराकडं बोट करून म्हनलं, "चालता हो."

सलीम हालला नाही. माह्या हाताकडं पाहत राह्यला. हात दाराकडं होता, पन बोट आकडा होऊन माह्याकडंच वळेल होतं. इकडं ये म्हनून बोलावतात तसं.

"जाऊ का येऊ?" तो म्हने. "एक काय ते सांगा, दुलाभाई."

मी बोटाकडं पाह्यलं. सरळ कराले गेलो. नाही झालं. मले त्या दिवशीचे त्याचे दोन्ही हात दिसले, डॉक्टरपुढं धरलेले, तटतटीत दोऱ्या असलेले.

म्हनलं, "बोट म्हनते तसं कर."

तो आला. रजईच्या पलीकडं बसला, कापड तानून धरलं अन् ओळीकडं पाहाले लागला. ओळ वाकडीच होती. त्यानं पत्ती काढली अन् एक एक टाका उसवाले लागला. मले तोंडावर एक किस्सा आलता, चांगला होता. पन त्याच्या हातात पत्ती होती. मी चूप बसलो.